काय ठेवायचं, काय कापायचं: रस्त्यावरच्या फोटोंतली अमूर्तता आणि क्रॉप

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर कॅमेरा कुठंही रोखा, फ्रेममध्ये तीन-चार दुकानांच्या पाट्या, तारांचं जंजाळ, दुचाक्यांची रांग, 'नो पार्किंग'चा फलक आणि कुणाची तरी पाठ आलीच म्हणून समजा. ज्या माणसासाठी कॅमेरा उचलला तो या सगळ्यात कुठंतरी असतो. घरी येऊन फोटो बघितला की प्रश्न पडतो, तिथे जे दिसत होतं ते यात का नाही? तिथे तुमचा डोळा निवड करत होता. कॅमेऱ्यानं काहीच निवडलं नाही, समोर होतं ते सगळं उचललं.

अमूर्त फोटो म्हणजे काही कळू नये असा फोटो, हा समज आधी बाजूला ठेवू. या लेखापुरता अर्थ एवढाच: आकार, रंग, सावली आधी दिसतात आणि 'हा कोण, हे कुठलं' हे जरा उशिरा लक्षात येतं. माझं एक ठाम मत आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. रस्त्यावरच्या अमूर्त फोटोत माणसाची किंवा वाहत्या रस्त्याची एक तरी खूण उरलीच पाहिजे. कोपर, चप्पल, छत्रीची कड, हातगाडीचं चाक, काहीही चालेल. पोपडे उडालेल्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो सुंदर असेलही, पण ती भिंत तुमच्या परसातलीही असू शकते. त्यासाठी रस्त्यावर जायची गरज नव्हती. तेव्हा फ्रेममधून एकेक गोष्ट काढून टाकत जायचं, पण शेवटची खूण काढायची नाही. आणि काढून टाकायचं ते या क्रमानं: आधी पायांनी, मग फ्रेमनं, आणि क्रॉपनं, म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा नंतर कापून, सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: गॅलरीत बसून सराव

रस्त्यावर जायच्या आधी घरी एक सकाळ घालवा. ही कल्पना माझी नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकन फोटोग्राफर पॉल स्ट्रँड यांनी १९१५ साली न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एक फोटो काढला. मॉर्गन बँकेच्या इमारतीची प्रचंड काळी चौकोनी कोनाडी आणि त्यांच्या पायथ्याशी लांब सावल्या टाकत चाललेली इवलीशी माणसं. पुढच्याच वर्षी, १९१६ च्या उन्हाळ्यात, ते कनेक्टिकटमधल्या ट्विन लेक्स इथे गेले आणि व्हरांड्याच्या कठड्याच्या सावल्या, साधे वाडगे, एक गोल टेबल असल्या गोष्टींचे फोटो काढत बसले. फोटो कशानं उभा राहतो हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मग तीच नजर घेऊन ते पुन्हा रस्त्यावर आले.

आपल्याकडे गॅलरीला ग्रिल असतंच. सकाळचं ऊन फरशीवर आलं की त्या सावलीत दोन वाट्या आणि एक ताट ठेवा. इतकं जवळ जा की फ्रेममध्ये वाटी पूर्ण दिसणार नाही. कॅमेरा तिरका धरा, उलटा धरा. वाटी आहे की चंद्रकोर, हे चटकन सांगता येऊ नये इथपर्यंत या. ते जमलं की त्याच फ्रेमच्या एका कोपऱ्यात घरातल्या कुणाची तरी दोन बोटं येऊ द्या. बाकी काही न हलवता फोटो बदलतो. आतापर्यंत तो नक्षी होता, आता त्यात काहीतरी घडतंय. वर खूण म्हटलं ती हीच, आणि ती किती लहान असली तरी पुरते हे गॅलरीतच कळून घेतलेलं बरं.

दुसरी पायरी: ऊन कुठल्या बाजूला आहे

रस्त्यावर नको असलेल्या गोष्टी झाकायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे सावली. पण सावली कुठं, किती लांब, हे महिन्यावर आणि रस्त्याच्या दिशेवर ठरतं, आणि आपल्याकडचे फार थोडे फोटोग्राफर याचा हिशेब करतात. परदेशी व्हिडिओ बघून 'गोल्डन अवर', म्हणजे सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड, तेवढा पाठ असतो.

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या सुमारासही, सूर्य इथे फक्त ४८ अंशांवर असतो. माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ नऊ-दशांश पडते. सकाळी नऊला तीच उंचीच्या दुपटीहून जास्त असते. मेच्या मध्यावर मात्र सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाखाली गडप होते. मे महिन्यात दुपारी सावल्यांचे फोटो काढायला बाहेर पडणं म्हणजे उन्हाचा नुसता त्रास. ते दिवस मंडईच्या छपराखाली, काचेमागे, बसमध्ये घालवावेत. सावल्यांचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता रस्त्याची दिशा. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, म्हणून उत्तरेकडच्या दुकानांची तोंडं उन्हात आणि समोरची बाजू सावलीत. सकाळी लवकर समोरच्या तीन-चार मजली इमारतींमुळे सगळा रस्ता काही उजळत नाही. बोळांच्या आणि चौकांच्या फटीतून उन्हाचे पट्टे तेवढे आत येतात. हे पट्टेच आपल्याला हवेत. त्यात आणखी एक सोय म्हणजे नऊच्या सुमाराला बहुतेक दुकानांची शटर खाली असतात. निळ्या, राखाडी, हिरव्या पत्र्याच्या आडव्या पन्हळींवर चालणाऱ्याची सावली पडली की ती मोडत मोडत पुढे जाते. दुकानं उघडली की काचा आणि पुतळे येतात, तो खेळ वेगळा.

बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दक्षिणोत्तर. तिथे सकाळचं ऊन पश्चिमेकडच्या दुकानांवर आणि दुपारनंतर पूर्वेकडच्या. तुमच्या गावातल्या रस्त्यांची दिशा फोनमधल्या नकाशावर एकदा बघून ठेवा. एवढ्या अभ्यासानं अर्धी पायपीट वाचते.

तिसरी पायरी: डोळ्याला दिसतं त्याहून काळं

सावली फोटोत झाकण्याच्या कामी यायची तर ती खरोखर काळी पडली पाहिजे. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा हे त्यानं स्वतःच ठरवणं, सगळं मधल्या उजेडाला आणायला बघतं. सावलीतल्या दुचाक्या, नंबरप्लेटा, कचऱ्याचा डबा सगळं उजळून दाखवतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (हा उजेड मुद्दाम कमी-जास्त करायची सोय) उणे एक ते उणे दोनवर ठेवा आणि मापन उन्हाच्या पट्ट्यावर करा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-उजळाचा आलेख, डावीकडे (काळ्या बाजूला) दाटला तर दाटू द्या, उजवीकडे कापला जाऊ नये एवढं बघा.

फोनवर गोष्ट जरा अवघड आहे. हल्लीचे फोन एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्या आपोआप एकत्र करतात आणि सावल्या उघडून देतात. घरगुती फोटोंना ते छान, या कामाला घातक. प्रो मोड (सगळं हातानं ठरवायची सोय) किंवा रॉ (फोननं फेरफार न केलेली फाइल) असेल तर वापरा. नसेल तर उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. एवढं करूनही फोननं सावली उजळलीच, तर एडिटिंगमध्ये 'शॅडोज' आणि 'ब्लॅक्स' खाली घ्या. आणि फोनवर चिमटीनं झूम करू नका. ते म्हणजे नंतर शांतपणे करायचा क्रॉप घाईत आधीच करून टाकणं, आणि कापलेली कड मग कायमची गेली.

चौथी पायरी: रस्ता काय काय देतो

काच. दुकानाची, बसची, रिक्षाच्या आरशाची, पावसात घामेजलेल्या अमृततुल्याची. काचेत दोन जागा एकावर एक येतात आणि कुठली आतली, कुठली बाहेरची, याचा गोंधळ हेच फोटोचं भांडवल. गडद कपड्यातला माणूस काचेसमोर आला की त्याच्या अंगाएवढ्या भागात आतलं स्पष्ट दिसतं, बाकी ठिकाणी रस्त्याचं प्रतिबिंब राहतं. म्हणजे माणूसच खिडकी होतो. यासाठी काचेला नाक लावून नाही, साधारण ४५ अंशांच्या कोनात उभं राहा. ध्रुवक फिल्टर लावला असेल तर काढा. तो नेमकं प्रतिबिंबच खातो.

या कामात सॉल लीटर (१९२३–२०१३) यांचे फोटो बघायलाच हवेत. ते मुळात चित्रकार. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि १९४८ पासून रंगीत फिल्मवर काम करू लागले, तेव्हा कलाक्षेत्रात रंगीत फोटोला फारशी किंमत नव्हती. घराच्या आसपासच्याच गल्ल्यांमध्ये फिरायचे, मुदत संपलेली फिल्म वापरायचे आणि रस्त्यावरचे बरेचसे फोटोग्राफर ३५ किंवा ५० मिमी लावत असताना हे दूरचं जवळ आणणाऱ्या ९० आणि १५० मिमीच्या लेन्स लावायचे. मोठी प्रसिद्धी मिळाली ती २००६ नंतर, वयाची ऐंशी उलटल्यावर. १९५८ च्या त्यांच्या एका फोटोत दुकानाच्या छताच्या कापडानं फ्रेमचा बहुतेक भाग काळा करून टाकला आहे. खाली उरलेल्या पट्टीत बर्फ पडतोय आणि माणसं चालली आहेत. नवशिक्याला तो फोटो दाखवला तर तो म्हणेल, 'वरचं काळं कापून टाका की.' कापून बघा, मनातल्या मनात. उरते ती बर्फातल्या रस्त्याची नेहमीची पट्टी. ते काळं आहे म्हणून आपण छताखाली उभे आहोत आणि बाहेर बर्फ आहे. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, हे क्रॉपच्या पायरीवर पुन्हा लागेल.

लीटर यांच्या बर्फाच्या जागी आपल्याकडे पाऊस आहे. पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसा, फोकस थेंबांवर लॉक करा आणि बाहेरचं सगळं धूसर होऊ द्या. लाल दिवा, पिवळा रेनकोट, निळी ताडपत्री, एवढे तीन ठिपके पुरतात. जूनमध्ये बाजारपेठांवर ताडपत्र्या चढल्या की त्यांच्याखालचा उजेडच निळा होतो. त्यात चेहरे, भाज्या, नोटा सगळं एका रंगाचं दिसतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग जुळवून घेणारं सेटिंग) ऑटोवर असेल तर कॅमेरा तो निळा 'दुरुस्त' करून टाकतो. 'डेलाइट'वर ठेवा.

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. आत उंचावरून येणारा उजेड आणि खाली गाळ्यांवरचे लटकते दिवे, असा दुहेरी मामला. तिथे मी चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघतो. तराजू धरलेला हात, मटार सोलणारा हात, पैसे घेणारा. बाकी सगळं काळोखात जाऊ द्यायचं.

स्कार्फ हा तर पुण्यानं फुकट दिलेला विषय. दुचाकीवरच्या मुली चेहरा, केस, मान सगळं गुंडाळून वर गॉगल लावतात. चेहरा आधीच काढून टाकलेला आहे. तुम्ही फक्त रंग आणि घडी बघायची. सिग्नलला साठ सेकंद मिळतात. मात्र लेन्स नाकासमोर धरायची नाही, आणि कुणी हातानं 'नको' म्हटलं तर तो फोटो समोरच पुसायचा.

हालचालीनंही काढून टाकता येतं. भारतीय फोटोग्राफर रघु राय यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्थानकात काढलेल्या फोटोत धावती गर्दी लांब एक्स्पोजरनं, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून, पुसली गेली आहे, वर्तमानपत्र घेऊन थांबलेला माणूस तेवढा ओळखू येतो. चालत्या माणसांसाठी १/१५ ते १/८ सेकंद, गर्दी पूर्ण विरघळवायची तर अर्धा सेकंद किंवा जास्त. कडक उन्हात हे शक्य नाही: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ (लेन्सचं बारीक छिद्र) ला योग्य शटर स्पीड १/१२५ च्या आसपास येतो, १/८ म्हणजे चार स्टॉप जादा उजेड (दर स्टॉपला दुप्पट). एकतर १६ पट उजेड अडवणारा एनडी फिल्टर हवा, नाहीतर संध्याकाळची वाट बघा. कॅमेरा टेकवायला खांब शोधा. मेट्रो आणि रेल्वेच्या आवारात ट्रायपॉड उघडू नका, सुरक्षारक्षकानं हटकलं तर वाद घालू नका.

पाचवी पायरी: पायांनी क्रॉप

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्रॉप केल्यानं पुढच्या-मागच्या वस्तूंचं नातं बदलत नाही. ते फक्त तुम्ही कुठं उभे आहात यावर ठरतं. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला असेल तर जगातला कुठलाही क्रॉप तो वेगळा करणार नाही. एक पाऊल डावीकडे टाकलं असतं तर काम झालं असतं. गुडघे वाकवले तर मागच्या दुचाक्या माणसाआड जातात आणि वर मोकळं आकाश येतं. कॅमेरा डोक्यावर धरून खाली झुकवला तर पाट्या संपतात आणि फरसबंदी हीच पार्श्वभूमी होते.

फोटो काढायच्या आधी मधल्या विषयाकडे नाही, चार कडांकडे नजर फिरवा. वरून डावीकडे, खाली, उजवीकडे. सवय झाली की अर्धा सेकंद लागतो. कडेवर अर्धवट घुसलेली पांढरी वस्तू आणि पूर्ण वाचता येणारा शब्द, या दोन गोष्टी सगळ्यात जास्त लक्ष खेचतात. पाटीवरचं 'भव्य सेल' नीट वाचता आलं की बघणारा आधी तेच वाचणार, तुमची सावली मग. पाटी टाळता येत नसेल तर एवढ्या जवळ जा की एखादंच अक्षर राहील, शिरोरेषेची नुसती जाड रेघ उरेल. ते अक्षर मग मजकूर न राहता आकार होतो.

जवळ जाणं शक्य नसतं तेव्हाच टेली लेन्स. आणि तीही नसेल तर सहावी पायरी.

सहावी पायरी: टेबलावरचा क्रॉप

क्रॉप करणं म्हणजे लबाडी, असं मानणारा एक पंथ आहे आणि तो आपल्या दैवताचं नाव घेतो: फ्रेंच फोटोग्राफर ऑरी कार्तिए-ब्रेसाँ. ते फ्रेम जागेवरच जमली पाहिजे असं मानणारे, हे खरं. पण १९३२ सालचा त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो, पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, क्रॉप केलेला आहे. फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढताना डावीकडे कुंपणाची फळी आली होती, ती कापली. दुसरं टोक क्युबन फोटोग्राफर आल्बेर्तो कोर्दा यांचं. १९६० मध्ये हवानातल्या शोकसभेत त्यांनी काढलेल्या आडव्या फ्रेममध्ये एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं होती. दोन्ही कापली आणि चे गेव्हाराचा एकटा चेहरा उरला. म्हणजे नियम वगैरे काही नाही. प्रश्न फक्त हा की कापल्यानं फोटो कशाचा आहे ते जास्त ठाम झालं का.

आता एक फ्रेम घेऊन सावकाश बघू. डिसेंबरची सकाळ, लक्ष्मी रस्त्याची उत्तर बाजू, खाली ओढलेलं निळं शटर. डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेतलेला हमाल उजवीकडून जातोय आणि त्याची सावली शटरवर पडली आहे: गठ्ठ्याचा मोठा फुगीर आकार, त्याखाली पन्हळींवर तुटत गेलेले खांदे. मूळ फाइल ६००० बाय ४००० पिक्सेल, २४ मेगापिक्सेल. डावीकडे पार्क केलेली स्कूटर, वर दुकानाची पाटी, उजव्या कडेला हमाल स्वतः, खाली फुटपाथवर चहाचे कप.

सगळ्यात आधी सरळ करायचं. पन्हळी आडव्या आहेत, दीड अंशाचा कल लगेच डोळ्यात येतो. सरळ करताना कडा जातात हे विसरू नका: दीड अंशासाठी फाइल साधारण ५७७५ बाय ३८५० होते. दोन अंश फिरवलं तर क्षेत्राचा सुमारे १० टक्के भाग जातो. म्हणून क्रॉप आधी आणि सरळ नंतर, असं करू नका. ज्या कडेवर सगळं जमवलं तीच नेमकी कापली जाते.

मग प्रश्न: हा फोटो कशाचा? एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'शटरवर तुटलेली ओझ्याची सावली.' या वाक्यात स्कूटर नाही, ती गेली. पाटी नाही, गेली. कप नाहीत, गेले. हमाल? वाक्यात तोही नाही. म्हणून पहिल्या हातात त्याला पूर्ण कापला. फोटो नीटनेटका झाला, आणि थंड पडला. सावली खऱ्या माणसाची आहे की पुठ्ठ्याच्या बाहुलीची, हे कळायला जागा उरली नाही. उजवी कड थोडी परत बाहेर ओढली, एवढीच की त्याचं कोपर आणि लाल बाहीचा तुकडा आत आला. निळ्यावर तेवढंच लाल. इथे थांबायचं.

पण कोपर किती? हाही प्रश्नच आहे. कडेवर लाल रंगाचा नुसता ओरखडा ठेवला तर ती चूक वाटते, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकून आलं. पूर्ण दंड आणि खांदा ठेवला तर नजर चेहरा शोधायला कडेबाहेर जाते. कोपराचा कोन पूर्ण दिसेल आणि दंड अर्ध्यावर कापला जाईल, असं बसवलं. शरीर कापायचं तर ठामपणे, आणि मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर नाही. सांध्यावरचा काप तुटल्यासारखा दिसतो. दंडाच्या, मांडीच्या, पोटरीच्या मध्यावर चालतो.

गठ्ठ्याच्या सावलीवर मोकळं निळं भरपूर ठेवलं. पहिला मोह ते कापायचा होतो. पण ओझं वरून दाबतंय असं वाटायला वर जागा लागते. शेवटी चार बाय पाचच्या उभ्या प्रमाणात २६०० बाय ३२५० पिक्सेल उरले, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आतबाहेर. इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबानं ८ बाय १० इंचाचा प्रिंट आरामात निघतो.

किती कापता येईल याचा अंदाज असावा. २४ मेगापिक्सेलच्या आडव्या फाइलमधून पूर्ण उंचीचा चौकोन काढला तर १६ उरतात, उभा चार बाय पाच काढला तर १२.८. रुंदी आणि उंची दोन्ही अर्धी केली, म्हणजे २८ मिमीचा फोटो ५६ मिमीसारखा केला, तर ६ उरतात, आणि त्याच आकाराच्या प्रिंटमध्ये ग्रेन (दाणेदारपणा) दोन स्टॉपनं वाढलेला दिसतो. आयएसओ ८०० चा फोटो ३२०० चा वाटतो. अमूर्त फोटोला थोडा ग्रेन शोभतो, पण फोनच्या जेपेगमध्ये तो ग्रेन नसतो, पाण्याच्या रंगांसारखा ओघळ असतो. फोनवरचा फोटो अर्ध्याहून जास्त कापू नका.

स्क्रीनवर क्रॉपची चौकट ओढत राहिलं की थोड्या वेळानं सगळंच बरं दिसू लागतं. त्यावर जुना उपाय आहे. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापा, इंग्रजी एल अक्षरासारखे. फोटोचा ४ बाय ६ चा साधा प्रिंट काढा आणि त्यावर हे तुकडे सरकवत बसा. हात हळू चालतो, त्यामुळे डोळा नीट बघतो. प्रिंट उलटा करूनही बघा. उलट्या फोटोत माणूस, शटर, गठ्ठा ही नावं गळतात आणि जड-हलकं, काळं-उजळ एवढंच उरतं. एक कोपरा जड झाला असेल तर तो लगेच कळतो. प्रिंटचा खर्च नको असेल तर फोटो अंगठ्याच्या नखाएवढा छोटा करून बघा. त्या आकारातही काही पकडत असेल तर पाया पक्का आहे.

प्रमाणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. एका मालिकेत एक, फार तर दोन प्रमाणं. प्रत्येक फोटो वेगळ्या आकारात कापला की पाहणाऱ्याला कात्री आधी दिसते. इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत चौकोनाशिवाय पर्याय नव्हता आणि त्या सक्तीत अनेकांना चौकोन वापरता आला. आता पर्याय आहेत तर स्वतःवर सक्ती करावी लागते. मूळ फाइल मात्र कधीही कापून सेव्ह करायची नाही. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्च्युअल कॉपी करा, फोनवर आधी डुप्लिकेट करा.

कुठपर्यंत कापायचं आणि कुठं नाही

कडेनं छाटणं मला मान्य आहे, मधून पुसणं नाही. हल्ली फोनमध्येच बोट फिरवून माणूस गायब करण्याची सोय आहे. स्कूटर मधे आली म्हणून ती पुसली आणि तिच्या जागी यंत्रानं बनवलेलं शटर भरलं, तर तो फोटो त्या सकाळचा राहिला नाही. चित्र म्हणून काय हवं ते करा, पण मग त्याला स्ट्रीट फोटो म्हणू नका.

कडेनं छाटतानाही खोटं बोलता येतं, हे खरंच. आजी पायरीवर बसली आहे, शेजारी नातू खेळतोय. नातू कापला आणि खाली 'एकटेपणा' लिहिलं, तर ते क्रॉपचं कौशल्य नाही. बातमीसाठी फोटो देणार असाल तर अर्थ बदलणारा काप करायचाच नाही. अमूर्त फोटोत ही अडचण कमी येते, कारण तो कुणाबद्दल काही दावा करत नाही. चेहरा दिसत नसल्यानं समोरच्याचा खासगीपणाही बराचसा राहतो. तरी कॅम्प, खडकी, घोरपडी या भागांत लष्करी आवाराच्या भिंती आहेत, तिथली सावली कितीही सुरेख पडली तरी कॅमेरा पिशवीत.

प्रिंट काढताना

एवढं जपून कापलेला फोटो लॅबमध्ये पुन्हा कापला जातो. ४ बाय ६ आणि ८ बाय १२ हे कागद तीनास दोन प्रमाणाचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या न कापलेल्या फ्रेमचे. ८ बाय १० हा चार बाय पाचचा. ५ बाय ७ यांपैकी कशातच बसत नाही. प्रमाण जुळलं नाही तर मशीन विचारत नाही, जास्तीचा भाग दोन्ही बाजूंनी उडवून कागद भरून टाकतं. जुळलं तरी बिनबॉर्डरच्या प्रिंटमध्ये कडेचे दोन-तीन मिलिमीटर जातात, आणि आपलं कोपर नेमकं तिथेच आहे. म्हणून फाइलमध्येच कागदाच्या मापाचा पांढरा कॅनव्हास घ्या, त्यावर फोटो मधोमध ठेवा, चारही बाजूंनी निदान अर्धा इंच पांढरं सोडा आणि लॅबला 'नो क्रॉप, ऑटो करेक्शन बंद' असं लिहून द्या. ऑटो करेक्शन चालू राहिलं तर तिसऱ्या पायरीवर कमावलेलं काळं तिथला ऑपरेटर प्रेमानं राखाडी करून देतो.